पॅकेटमधे लाल पाणी सुटतंय, मिनरल बदललं की चिकन सुधारतं का?

उजनीकाठ

नमस्कार मंडळी. मी इंदापूर तालुक्यातला, ऊस आहेच पण दोन वर्षं झाली कोंबड्या पण करतोय, कावेरी आणि थोडे सोनाली मिळून सहाशेच्या आसपास पक्षी असतात. आधी व्यापाऱ्याला जिवंत द्यायचो तेव्हा काही झंझट नव्हतं, काटा केला, पैसे घेतले, विषय संपला. गेल्या दिवाळीपासून पुण्यात बहिणीच्या सोसायटीत थेट द्यायला लागलो. शुक्रवारी कापायचं, साफ करून एकेक किलोचे ट्रे पॅक करायचे आणि शनिवारी सकाळी गाडी घेऊन पुणं. पहिले दोन महिने लोक खूष होते, आता व्हाट्सॅप ग्रुपवर फोटो यायला लागलेत. ट्रेच्या तळाला लाल पाणी. एका ताईंनी तर लिहिलं, एक किलो घेतलं त्यात शंभर ग्रॅम पाणीच होतं, पाण्याचे पैसे परत द्या. दुसरी तक्रार अशी की ब्रेस्टचे पीस कधीकधी रबरासारखे लागतात, तीन शिट्ट्या जास्त दिल्या तरी.

आता खरा प्रश्न. परवा एक औषधवाला आला होता (कंपनीचं नाव नको), त्याचं म्हणणं तुमच्या खाद्यात मिनरल कमी पडतंय, आमचं चिलेटेड मिनरल आणि सेलेनियमवालं टॉनिक सुरू करा, पंधरा दिवसांत मांस घट्ट, पाणी बंद, चव डबल. लिटरचा भाव ऐकून मी गारच पडलो. खाद्य मी घरीच बनवतो. मका भरडा, सोया पेंड, थोडं तांदळाचं पॉलिश, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर), चुनखडी पावडर, मीठ आणि व्हिटॅमिनचा प्रीमिक्स. मिनरल म्हणाल तर गाईंसाठी आणलेलं मिनरल मिक्श्चर घरात असतंच, त्यातलंच टनाला दहा किलो टाकतो, दुकानदार म्हणाला चालतं सगळ्याला.

तर मिनरलने खरंच मांसाची क्वालिटी बदलते का? कुणी करून बघितलंय का? का नुसतं बाटली खपवायचं काम आहे?

कराराचा_गडी

भाऊ पहिलं म्हणजे गाईचं मिक्श्चर बंद कर. बाकीचं नंतर बोलू.

मी आठ वर्षं करारावर ब्रॉयलर करतोय, आमचं बरंय, कंपनी पिल्लू देते खाद्य देते औषध देते, आपण फक्त शेड, लाईट, कष्ट आणि शिव्या खायचं काम. खाद्यात काय आहे ते पिशवीवर असतं तेवढंच कळतं. पण टॉनिकवाले आमच्याकडे पण येतात, शेडच्या दारात गाडी लावून लिव्हर टॉनिक, ग्रोथ टॉनिक, मिनरल टॉनिक, एकाच रंगाच्या बाटल्या आणि लेबल फक्त वेगळं. एकदा सुपरवायझरला न सांगता घातलं होतं मी, पक्ष्यांची शी पातळ झाली आणि लिटर, म्हणजे खाली अंथरलेला भुसा, भिजलं एवढाच फरक दिसला. तेव्हापासून त्या लोकांना चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

आणखी एक, लेबलवर घटक काय लिहिलेत ते नीट वाच. काही काही ‘ग्रोथ’ वाल्या बाटल्यांमधे अँटिबायोटिक असायचं. कोलिस्टिनवर तर २०१९ ला सरकारनेच कोंबडी, जनावरं, मासे सगळ्यात बंदी घातली. तू थेट गिऱ्हाइकाला विकतोस, तुला ते परवडणार नाही.

निवृत्त_पशुवैद्य

प्रश्न चांगला विचारलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

मिनरलचं काम मुळात कमतरता भरून काढायचं. गरज भरली की त्याच्यावर जास्त घालून चव वाढत नाही. चव ठरते जात, वय, चरबी आणि हिंडण्याफिरण्यावर. तुमचा पक्षी अडीच तीन महिन्यांचा असतो, ब्रॉयलर ३५-४० दिवसांत जातो, फरक तिथून येतो. हे आधी डोक्यात घ्या म्हणजे सेल्समनच्या अर्ध्या वाक्यांचा निकाल लागतो.

पण ‘मिनरलचा मांसाशी काही संबंध नाही’ असंही कुणी म्हणू नये. एकेक सांगतो.

सेलेनियम. हे सगळ्यात जवळचं. स्नायूच्या पेशीला जी आवरणं असतात त्यातली चरबी ऑक्सिडाइज झाली, आपल्या भाषेत आतल्या आत खवट व्हायला लागली, की आवरण फुटकं होतं आणि आतलं पाणी बाहेर झिरपतं. ते थांबवणारं एक एन्झाइम आहे, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, ते सेलेनियमशिवाय बनत नाही. ई व्हिटॅमिन त्याचा जोडीदार, एक आवरणात बसून राखण करतो, दुसरा बाहेरून. म्हणून दोघं बरोबर दिले तर फ्रिजमधल्या मांसाला पाणी कमी सुटतं आणि वास उशिरा येतो, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, काहींत फरक नगण्यही आलाय. सेंद्रिय सेलेनियम म्हणजे सेलेनियम यीस्ट, ते मांसात साठतं कारण त्यातलं सेलेनोमेथिओनिन शरीर साध्या मेथिओनिनच्या जागी प्रोटीनमधे बसवतं. सोडियम सेलेनाइट स्वस्त, पण ते असं साठत नाही.

आता धोका ऐका. कोंबडीला सेलेनियम लागतं किती? किलो खाद्याला ०.१५ मिलिग्रॅमच्या आसपास. अमेरिकेत वरून घालायची मर्यादा ०.३, युरोपात खाद्यातलं सगळं मिळून ०.५. ०.३ मिलिग्रॅम किलोला म्हणजे एक टन खाद्यात ग्रॅमचा एक तृतीयांशही नाही! चिमूटभर सुद्धा नाही. एवढंसं जिन्नस फावड्याने टनभर मक्यात सारखं मिसळणार कसं? एका कोपऱ्यात जास्त पडलं की तिथली कोंबडी मेली. सेलेनियम जास्त झालं की विष आहे. म्हणून सुटं सेलेनाइट घरात आणायचंच नाही, कायम पातळ केलेला प्रीमिक्स. २००० पीपीएमचं (म्हणजे किलोला २००० मिलिग्रॅम) यीस्ट मिळतं, ते टनाला १०० ग्रॅम घातलं की ०.२ पीपीएम पडतं, आणि तेही आधी दोन किलो भरड्यात, मग वीस किलोत, मग ढिगाऱ्यात असं टप्प्याटप्प्याने.

जस्त (झिंक) कातडी मजबूत करतं, पिसं उपटताना कातडी फाटत नाही, तळपायाचे फोड कमी होतात. पण तुम्ही बहुतेक कातडी काढूनच देता, मग गिऱ्हाइकाला त्याचं काय कौतुक! मॅंगनीज कमी पडलं तर घोट्याची शीर सरकते आणि पाय बाहेर वळतो, लंगडा पक्षी खाद्यापर्यंत पोचत नाही, मार खातो, त्याच्या मांसावर रक्ताचे डाग. गाईच्या मिक्श्चरवर कराराचे गडी बोलले ते बरोबर आहे, भारतीय मानक ब्युरोचं गाईचं आणि कोंबडीचं मिक्श्चर वेगवेगळं आहे, ते उगाच नाही. कोंबडीला मॅंगनीज गाईपेक्षा बरंच जास्त लागतं. आणि तुम्ही डीसीपी घालता, चुनखडी घालता, वर गाईच्या मिक्श्चरमधलं कॅल्शियम. मांसाच्या पक्ष्याला कॅल्शियम एक टक्क्याच्या आतबाहेर पुरतं, अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन चार. जास्त कॅल्शियमने जस्त आणि मॅंगनीज अंगी लागत नाही, फार झालं तर मूत्रपिंडं खडू लावल्यासारखी पांढरी दिसतात.

तांबं आणि लोह उलट्या बाजूचे. गरजेपुरते हवेतच, पण तेच चरबी खवट करण्याच्या कामाला हातभार लावतात. म्हणून ‘जास्त लोह म्हणजे लालबुंद पौष्टिक मांस’ असलं काही नसतं. कडकनाथचा काळा रंग पण मेलॅनिनचा आहे, लोहाचा नाही, जाता जाता सांगतो.

चिलेटेडचं, म्हणजे सेंद्रिय रेणूला बांधलेल्या मिनरलचं, म्हणाल तर सोया आणि पॉलिशमधे फायटेट असतं, ते जस्ताला धरून ठेवतं. चिलेटेड जस्त त्याच्या तावडीतून सुटतं म्हणून कमी मात्रेत भागतं. फायदा खरा आहे, पण चमत्कार नाही. साधं झिंक सल्फेट योग्य मात्रेत असेल तर तुमच्या सहाशे पक्ष्यांत डोळ्याला फरक दिसणं अवघड.

आता मला उलटा प्रश्न विचारायचाय. कापल्यापासून पॅकिंगपर्यंत काय काय करता ते तासावारी सांगा. आणि पक्षी कधी पकडता, खाद्य कधी बंद करता? माझा संशय खाद्यावर नाहीच्चे.

उजनीकाठ

डॉक्टर साहेब इतकं लिहिलंत, धन्यवाद. गाईचं मिक्श्चर आजच थांबवलं.

तासावारी सांगतो. शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास पक्षी पकडतो, पोरं असतात दोन, पायाला धरून उलटे क्रेटमधे. खाद्य बंद वगैरे काही करत नाही, म्हटलं उपाशी कशाला मारायचं. तीनला कापायला सुरुवात, एकेक पक्षी कातडीसकट पिसं काढून आतलं साफ. मग बर्फाच्या पाण्याचा मोठा निळा टब आहे त्यात सगळे टाकतो, तासभर, कधी दीड तास. बाहेर काढून लगेच पीस करायचे, ट्रेमधे भरून रॅप. रात्री डीप फ्रीजरमधे ठेवतो म्हणजे सकाळी प्रवासात टिकतं. पुण्याला पोचेपर्यंत अर्धं सुटलेलं असतं.

आता लिहिता लिहिता मलाच काहीतरी वाटायला लागलंय...

खाटीकदादा

हाहा, लिहिता लिहिताच सापडलं बघा.

आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक पिंजऱ्यातली कोंबडी बोटाने दाखवतं, दहा मिनिटात पिशवी हातात, एका तासात कढईत. तिथं पाण्याचा प्रश्न येतच नाही कारण पाणी सुटायला वेळच मिळत नाही. त्यामुळे तुमचं ते सेलेनियम माझ्या दुकानात घातलं तरी कोणाला कळणार नाही. ज्याला फ्रिजमधे ठेवून विकायचंय त्याच्याच हे कामाचं.

आता रबराचं. कोंबडी कापल्यावर हात लावून बघा, पहिल्यांदा मऊ लुळी असते. थोड्या वेळाने ताठ होते, तंगडी वाकवायला गेलं तर वाकत नाही. मग परत सैल पडते. आजोबा म्हणायचे कोंबडी रुसली की कापू नये. ताठ असताना किंवा ताठ व्हायच्या आधीच छातीचं मांस हाडावरून सोडवलं आणि लगेच शिजवलं नाही तर ते आक्रसून बसतं, मग शिजवा कितीही. दुकानात तासाभरात कढईत जातं म्हणून निभतं. तुम्ही मधेच कापता आणि मग फ्रीजरमधे टाकता, तिथंच रबर झालं.

आणि कातडी काढलेली कोंबडी पाण्यात बुडवून ठेवायची? स्पंज आहे तो भाऊ. कातडीसकट असती तर थोडं तरी अडलं असतं. तासभर पाणी प्यायली ती, मग ट्रेमधे ओकणारच की. ताईंचं शंभर ग्रॅम खोटं नसेल, त्यातलं निम्मं तुमच्या बोअरचं असणार.

निवृत्त_पशुवैद्य

खाटीकदादांनी माझं अर्धं उत्तर देऊन टाकलं, आणि आजोबांचं ‘रुसणं’ फार आवडलं. पुस्तकात त्याला रिगर म्हणतात, कोंबडीच्या छातीच्या मांसाला त्यातून बाहेर यायला साधारण चार ते सहा तास लागतात. तोवर अख्खी कोंबडी थंड जागी ठेवायची, मगच पीस.

लाल पाण्याबद्दल, ते रक्त नसतं. स्नायूत तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यात मायोग्लोबिन नावाचं रंगीत प्रथिन मिसळून येतं म्हणून लाल दिसतं. तुमच्या ट्रेमधे ते तीन वाटांनी येतंय. एक टबातलं शोषलेलं. दोन, फ्रीजर. घरगुती डीप फ्रीजरमधे मांस हळूहळू गोठतं, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फुटतात, आणि वितळताना सगळं बाहेर. सहा तासांसाठी गोठवून परत वितळवणं म्हणजे मांसाला दोनदा मारणं आहे.

तिसरी वाट कुणी बोललं नाही. एप्रिलची दुपार, दोन वाजता, इंदापूरला चाळीस डिग्री, पायाला धरून उलटे पक्षी. पक्षी धापा टाकतो, फडफडतो, स्नायूतली साखर भराभर जळून आम्ल तयार होतं. अंग गरम असतानाच मांस आंबट झालं की प्रथिनं बिघडतात आणि पाणी धरून ठेवत नाहीत. मांस फिकट, लिबलिबीत, पाणी सुटणारं. चांगल्या छातीच्या मांसाचा पीएच (जितका कमी तितकं मांस आंबट) शेवटी ५.८ ते ६ च्या आसपास स्थिरावतो, घाईत पडला की खाली जातो. इथे मिनरलचा खरा उपयोग आहे बघा. उन्हाळ्यात धापा टाकून पक्ष्याच्या शरीरातलं क्षारांचं गणित बिघडतं, तेव्हा पाण्यातून इलेक्ट्रोलाइट, खाद्यात थोडा खायचा सोडा, पोटॅशियम क्लोराइड, याने पक्षी पाणी जास्त पितो आणि तग धरतो. बाटलीवाल्याने हे सांगितलं नसेल, कारण हे स्वस्त आहे.

तर करा असं. कापायच्या आधी आठ ते दहा तास खाद्य बंद, पाणी शेवटपर्यंत चालू. उपाशी मारायचं म्हणून नाही, भरलेलं आतडं साफ करताना फाटतं आणि घाण मांसाला लागते. पकडायचं पहाटे अंधारात, पंखासकट दोन्ही हातांनी धरून. कापलं की अख्खी कोंबडी स्वच्छ पिशवीत घालून मग बर्फात, पाणी मांसाला लागता कामा नये. तासाभराने काढून फ्रिजमधे आकड्याला टांगून ठेवा, ० ते ४ डिग्री. संध्याकाळी पीस. डीप फ्रीजर विसरा, ट्रे थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या थैल्यांमधे न्या.

आणि सेलेनियमची खाज असेलच तर मोजून बघा, माझ्यावर पण विश्वास ठेवू नका. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या. छातीच्या मांसाचा साधारण पन्नास-साठ ग्रॅमचा एकसारखा तुकडा, वजन करा, दोऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीत लोंबकळत ठेवा, पिशवीला टेकू देऊ नका, तोंड बांधा, फ्रिजमधे चोवीस तास. मग काढून टिपकागदाने हलकं टिपून परत वजन. जेवढं घटलं तेवढं मांसाचं स्वतःचं पाणी. मीटच्या लॅबमधे पण असंच करतात, फक्त त्यांचा फ्रिज महाग असतो.

कोकणातला_मी

विषय मिनरलचा आहे म्हणून माझा गाढवपणा सांगून टाकतो. आमच्याकडे गावठी कोंबड्यांना सुकट घालायची पद्धत, स्वस्तातली खारी सुकट मिळाली एकदा, मी भरपूर कुटून खाद्यात घातली, प्रथिनं मिळतील म्हणून. वर नेहमीचं मीठ होतंच. आठ दिवसांत खुराड्यात चिखल, पक्षी दिवसभर पाण्यावर, दोन-तीन पिल्लांची पोटं पाण्याने फुगून गेली. मीठ पण मिनरलच की! आणि जे पक्षी मोठे होऊन कापले त्यांच्या रश्श्याला असा काही सुकटीचा वास की बायकोने विचारलं, कोंबडी आहे का बोंबील.

तेव्हापासून शेवटचे पंधरा दिवस माशाचं काहीच नाही.

पुण्याची_मावशी

मी गिऱ्हाईक बाजूची. उजनीकाठ, तुमच्याकडून नाही घेतलं कधी पण असंच एका शेतकऱ्याकडून घेते. खरं सांगू का, लाल पाणी दिसलं की आमच्या डोक्यात पहिलं येतं इंजेक्शन. कोंबडी फुगवायला हार्मोन देतात असं सगळ्या ग्रुपवर फिरतं. ते मायोग्लोबिन तुम्ही एक ओळीत चिठ्ठीवर छापून ट्रेला लावलंत तर निम्म्या तक्रारी बंद होतील.

अजून एक विचारायचं होतं. तंगडी शिजवली की हाडाजवळ मांस काळपट दिसतं, मुलं खात नाहीत, म्हणतात शिळं आहे. हे पण मिनरल कमी असल्यामुळे का?

निवृत्त_पशुवैद्य

मावशी, ते शिळं नाही. कोवळ्या पक्ष्याचं हाड पूर्ण पक्कं नसतं, जाळीदार असतं, आतला मगज हाडातून झिरपून शिजल्यावर काळा पडतो. गोठवलेल्या चिकनमधे जास्त दिसतं. खायला काही हरकत नाही. कॅल्शियम-फॉस्फरस कमी पडलं तर हाड आणखी कच्चं राहतं एवढा संबंध आहे, आणि मका-सोयातलं दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमधे अडकलेलं असतं म्हणून डीसीपी किंवा ते फायटेट तोडणारं फायटेज एन्झाइम लागतं. ते बरोबर असूनही कोवळ्या पक्ष्यात काळेपणा येतोच.

हार्मोनचं म्हणाल तर वाढीचं हार्मोन प्रथिन आहे, खाद्यातून दिलं तर पोटात पचून जातं. प्रत्येक पक्ष्याला रोज टोचायचं म्हटलं तर दहा हजारांच्या शेडला माणसं किती लागतील बघा! ब्रॉयलर वाढतो तो पिढ्यान्‌पिढ्या निवड करून केलेल्या पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे.

कराराचा_गडी

रोज दहा हजार इंजेक्शनं 😂 आमच्या शेडवर लसीकरणाला डोळ्यात थेंब टाकायचा म्हटलं तरी अख्खं गाव गोळा करावं लागतं.

उजनीकाठ

सगळ्यांना नमस्कार, पाच आठवड्यांनी येतोय, मधे ऊस तुटला आणि मग लग्नं.

सांगितल्याप्रमाणे सगळं बदललं, फक्त एकदम नाही, एकेक. कोल्ड्रिंकचा जुना काचेचा फ्रिज मिळाला सेकंड हँड, त्यात आडवी सळई लावून आकडे केले, वीस पक्षी दाटीवाटीने लटकतात. पहिल्या दिवशी दाटी जास्त झाली तर मधल्या कोंबड्या थंडच होईनात, आता पंधराच लावतो. पहाटे चारला पकडतो. पोरं कुरकुरली, त्यांना चहा आणि वीस रुपये जास्त.

आधी टबवाली जुनी पद्धत मुद्दाम एकदा करून मोजली. १००० ग्रॅमचा ट्रे, दुसऱ्या दिवशी पीस टिपून वजन केलं तर ९४८. म्हणजे बावन्न ग्रॅम पाणी, आणि हे फ्रीजरशिवाय बरं का. फ्रीजरमधून काढलेला ट्रे त्याहून वाईट, ९२१ भरला. ताईंचं शंभर ग्रॅम अगदीच चुकीचं नव्हतं, त्यांना फोन करून माफी मागितली आणि एक किलो तसंच दिलं. पिशवीत थंड करून टांगलेल्या कोंबडीचा ट्रे ९८१. खाद्य तेच, फक्त गाईच्या मिक्श्चरच्या जागी कोंबडीचं मिक्श्चर.

मग सेलेनियम. बाटली नाही घेतली, यीस्ट डॉक्टरांनी सांगितलं त्या मात्रेत आणि सोबत ई व्हिटॅमिन, पन्नास पक्षी वेगळे जाळीत ठेवून शेवटचे चार आठवडे. दोऱ्याची टेस्ट केली, दोन्हीकडचे तीन तीन पक्षी. बिन-सेलेनियमचा तुकडा ६०.४ ग्रॅमचा ५९.२ झाला, सेलेनियमवाला ६१ चा ५९.९. बाकीच्या दोन जोड्यांत पण एवढाच उन्नीस-बीस, एका जोडीत तर उलटं आलं. तिसऱ्या चौथ्या दिवशी फ्रिजमधे वासात मात्र फरक वाटला, सेलेनियमवालं ताजं वाटलं, पण ते आईने आणि मी हुंगून ठरवलंय, आणि आईला माहीत होतं कुठलं कुठलं आहे, त्यामुळे धरू नका.

माझा माल शनिवारी पोचतो आणि रविवारी दुपारी संपतो. चार दिवस टिकवायचंच नाही कुणाला. म्हणून सेलेनियम सध्या बंद, पुढे दुकानात ठेवायला दिलं तर परत बघू. रबराची तक्रार गेल्या तीन शनिवारी एकही नाही, खाटीकदादा तुमच्या आजोबांना दंडवत. मावशींची चिठ्ठी पण छापली, ‘हे रक्त नाही’ एवढंच मोठ्या अक्षरात. एका काकांनी चिठ्ठी वाचून विचारलं, मग काय आहे?

निवृत्त_पशुवैद्य

उत्तम. तीन पक्ष्यांवर निष्कर्ष काढत नाही पण मोजलंत हे मोठं काम केलंत. तो बिनफ्रीजरचा बावन्न ग्रॅमवरून एकोणीसवर आलेला फरक फुकटात आलाय हे लक्षात ठेवा.

एक मात्र करा, फ्रिजच्या आत साधं थर्मामीटर लावा. काचेच्या दाराचे जुने फ्रिज दुपारी आठ-नऊ डिग्रीवर जातात आणि बाहेरून कळत नाही.

उजनीकाठ

लावलं. तुमचा मेसेज वाचून लगेच बघितलं तर ७ दाखवतंय. मेकॅनिकला फोन केलाय, म्हणतो गॅस भरायला लागेल.

आणि हो, बाटलीवाला परत येऊन गेला. त्याला फ्रिजमधल्या दोऱ्याला लटकवलेल्या पिशव्या दाखवल्या आणि म्हटलं एक बाटली फुकट द्या, पन्नास पक्ष्यांवर करून तुमच्यासमोर वजन करू. म्हणाला साहेबांना विचारून सांगतो.